नोंदणी क्रमांक यायच्या आधी नर्स म्हणून काय मिरवावं, काय नाही

ऐरोलीच्या एका मुलीनं विचारलंय. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा झाली, निकाल यायचाय आणि राज्याच्या परिचर्या परिषदेची नोंदणी त्याच्याही पुढे. पण घरच्यांना धीर कुठला? भावानं स्कूटीवर लाल क्रॉसचं स्टिकर चिकटवलंय. आईनं दारावरच्या नव्या पाटीत लेकीच्या नावाखाली ‘नर्स’ घालायला सांगितलंय. मैत्रिणींनी नाव कोरलेलं पिन-वॉच भेट दिलंय आणि तिनं स्वतः इन्स्टाच्या बायोत ‘आर.एन.’, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, लिहून टाकलंय. आत्या म्हणते, निकालाआधी असं केलं की दृष्ट लागते. वर्गातली एक मैत्रीण म्हणते, हा गुन्हा आहे, आत टाकतील. दोघींत खरं कोणाचं?

पूर्ण खरं कोणाचंच नाही, पण मैत्रीण त्यातल्या त्यात जवळ आहे. मी बरीच वर्षं ठाण्यात वॉर्डची इन्चार्ज होते, आता नवी मुंबईत नर्सिंगच्या मुलांना शिकवते. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दृष्टीचं आधी उरकते. आत्याला उलटून बोलू नकोस. तिच्या बोलण्यात काळजी आहे, आणि ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगाच नाही. पण पेपर तपासणाऱ्याला तुझ्या घड्याळाशी घेणंदेणं नसतं. शिवाय आपल्या व्यवसायात ओळखीच्या खुणा आधी देण्याची रीत आपणच पाडली आहे. पहिल्या वर्षाला दीपप्रज्वलनाचा सोहळा होतो, मुलांच्या हाती दिवा देतात, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं शपथ म्हणवून घेतात, काही कॉलेजांत अजून कॅपही चढवतात. त्या दिवशी त्यातल्या निम्म्यांना धड बीपी घेता येत नसतं. तरी आईबाप शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत फोटो काढतात, आणि काढावेतच. (जाता जाता सांगते, बॅजवर तो अल्लाउद्दीनचा असावा तसा जो दिवा असतो, तो चित्रकारांनी दिलेला. क्रिमियन युद्धात, १८५४ साली नाइटिंगेलबाई इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या, तिथे वापरात होता तो घड्यांचा तुर्की कंदील, फानूस. वर्गात हे सांगितलं की मुली खट्टू होतात.)

तेव्हा अभिमान वाटण्याला आणि तो दाखवण्याला माझी अजिबात हरकत नाही. मी मुलांना एवढंच विचारायला लावते: ही वस्तू बघून अनोळखी माणूस माझ्यावर कशासाठी विसंबेल? आणि त्याला तसं विसंबू द्यायची परवानगी आज माझ्याकडे आहे का? या प्रश्नाला लावून बघितलं की एकेका वस्तूचा निकाल लागतो.

पिन-वॉच बघून कोणी काही मागत नाही. ते नाडी मोजायचं साधन आहे. मनगटावर काही घालायचं नसतं म्हणून छातीशी लावतो. आजपासून वापर. स्टेथोस्कोपचंही तेच, पण तो बॅगेत राहू दे. गळ्यात घालून पामबीच रोडवर सेल्फी काढणाऱ्यांना मी काही म्हणत नाही, फक्त हसते.

दारावरची पाटी मात्र साधी गोष्ट नाही. दारावर ‘नर्स’ दिसलं की रात्री साडेदहाला तिसऱ्या मजल्यावरचे काका इंजेक्शनची व्हायल घेऊन हजर होतील. डॉक्टरांनी पाच दिवसांचा कोर्स दिलाय, रोज दवाखान्यात जायचं म्हणजे रिक्षाला पैसे, आणि तिथल्या पोराचा हात जड. ‘तुला काय गं, दोन मिनिटांचं काम.’ तू वॉर्डात अशी इंजेक्शनं ढिगानं दिली आहेस हे मला माहीत आहे. पण तेव्हा शेजारी स्टाफ उभी होती, केस पेपरवर डॉक्टरांची ऑर्डर होती, दहा पावलांवर क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, होती आणि तिच्यात ॲड्रेनालिन होतं. इथे व्हायलमधलं अँटिबायोटिक, समज सेफ्ट्रिॲक्सोन, शिरेतून गेलं आणि काकांच्या अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, बीपी पडायला लागलं, तर तुझ्या हाताशी काय आहे? आईच्या कपाटातली सेट्रिझिन, साध्या ॲलर्जीची गोळी. विद्यार्थिनी म्हणून तू जे काही करतेस ते कॉलेजच्या आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली करतेस. ती देखरेख तुझ्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत पोचत नाही. उद्या काही झालं तर कोणीही तुझ्या पाठीशी उभं राहणार नाही, आणि पहिला बोट दाखवणारा त्याच काकांचा मुलगा असेल.

म्हणून आईला सांग, पाटीवर नुसतं नाव घाल. निकाल लागला की ‘बी.एस्सी. (नर्सिंग)’ घालायला हरकत नाही, ती पदवी तू कमावलेली असेल. नोंदणी झाल्यावरही मी दारावर ‘नर्स’ लिहायला सांगत नाही. माझ्या स्वतःच्या दारावर नाही. शेजारधर्म करायचाच तर बीपी मोजून दे, शुगर तपासून दे, डॉक्टरांकडे कधी पळायचं ते सांग. इंजेक्शन, सलाइन घरी नाही.

आता स्कूटी. भावाला म्हणावं, ते स्टिकर आजच काढ, आणि नोंदणी झाल्यावर पुन्हा लावू नकोस. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह नर्सचं नाही, डॉक्टरचं नाही, केमिस्टचंही नाही. ते रेड क्रॉस संस्थांचं आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेचं आहे. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून त्याचा अर्थ एकच: रणांगणावर ही खूण दिसली की तिथे गोळी झाडायची नाही. आपल्याकडे जिनिव्हा करार अधिनियम, १९६० याच्या कलम १२ नं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरायला बंदी आहे. दंड ५०० रुपयांपर्यंत, आणि ज्या वस्तूवर चिन्ह आहे ती जप्तही होऊ शकते. तीन हात नाक्यावर सिग्नलला उभं राहिलं तर तेवढ्यात दोन-चार गाड्या, एखादी रुग्णवाहिका आणि समोरच्या मेडिकलचा फलक असे सगळेच हा कायदा मोडताना दिसतील. कोणी अडवत नाही, हेही खरं. पण ज्या व्यवसायात त्या खुणेचा अर्थ माहीत असायला हवा त्यातल्या माणसानं तरी ती चिकटवू नये असं मला वाटतं. दिव्याचं स्टिकर लाव, इसीजीची रेघ लाव, काय हवं ते लाव. नंबर प्लेटवर मात्र नंबराशिवाय काहीच नाही, तो वाहतूक पोलिसांचा विषय.

‘आर.एन.’ ही दोन अक्षरं सगळ्यात छोटी आणि सगळ्यात नडणारी. ती पदवी नव्हे. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ प्रमाणे महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदवही ठेवते. त्या नोंदवहीत तुझं नाव चढलं, क्रमांक पडला, की तू रजिस्टर्ड नर्स. बी.एस्सी. आणि जी.एन.एम. (नर्सिंग-मिडवाइफरीची पदविका) वाल्यांना मिडवाइफ, म्हणजे प्रसूती करणारी, म्हणूनही नोंद मिळते, म्हणून प्रमाणपत्रावर आर.एन. आणि आर.एम. दोन्ही येतं. दोन वर्षांचं ए.एन.एम. (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) केलेल्यांची नोंद वेगळी होते, त्यांनी आर.एन. लिहायचं नसतं, आज नाही आणि नोंदणीनंतरही नाही. हे कित्येकींना माहीतच नसतं. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा केला, त्यातही सगळा डोलारा नोंदवहीवरच उभा आहे. अमेरिकेत तर हीच अक्षरं परीक्षा आणि राज्याचं लायसन्स यांच्याशी बांधलेली आहेत. इंग्लंडमध्ये ‘रजिस्टर्ड नर्स’ हे बिरुद कायद्यानं राखलेलं आहे. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना कधी ना कधी बाहेर जायचंय, म्हणून सांगते.

बायोमुळे पोलीस येणार नाहीत. पण तेच ‘आर.एन.’ सवयीनं बायोडाटात उतरतं, नोकरीच्या साइटवर उतरतं, आणि तिथे ते खोटं विधान ठरतं. बेलापूर-वाशीकडच्या मोठ्या रुग्णालयांत एचआरवाले कागद तपासताना नोंदणीची तारीख आधी बघतात. आखातात जायचं म्हटलं की डेटाफ्लोसारख्या संस्थेकडून पडताळणी होते; ते थेट कॉलेजला, परिषदेला विचारतात. नोंदणीच्या तारखेआधीचा ‘स्टाफ नर्स’चा अनुभव तिथे बहुधा धरलाच जात नाही, वर संशय येतो तो वेगळा. ‘बी.एस्सी. नर्सिंग, अंतिम वर्ष’ हे लिही. खरं आहे आणि लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे?

युनिफॉर्मबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस. सकाळच्या ट्रान्स हार्बरला ठाण्याहून पनवेलकडे निघालेल्या लेडीज डब्यात कॉलेजच्या युनिफॉर्मातल्या मुली रोज दिसतात. मला ते दोन कारणांनी खटकतं. वॉर्डात घातलेला कपडा गर्दीत घासत न्यायचा आणि गर्दीतला कपडा वॉर्डात आणायचा, हे जंतुसंसर्गाच्या दृष्टीनं वाईट. यात मुलींना फार दोष देता येत नाही, कारण कपडे बदलायला खोली आणि लॉकर न देणाऱ्या संस्था भरपूर आहेत. दुसरं कारण आपल्या विषयातलं. डब्यात कोणी चक्कर येऊन पडलं की सगळ्या बायका युनिफॉर्मकडे वळतात. ‘सिस्टर, बघा ना.’ त्या क्षणी मागे सरकू नकोस. आडवं झोपव, पाय उचल, श्वास बघ, गरज पडली तर सीपीआर सुरू कर. तो कोणीही द्यायचा असतो, त्याला नोंदणी लागत नाही. फक्त मोठ्यानं सांग, ‘मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. तुमच्यात कोणी डॉक्टर आहे का? पुढच्या स्टेशनला गार्डला कळवा.’ या एका वाक्यानं तुझी बाजू स्वच्छ राहते आणि मदतही थांबत नाही.

वॉर्डातल्या नेमप्लेटवर ‘विद्यार्थी परिचारिका’ असतं ते झाकू नका. लॅनयार्ड उलटं फिरवून फिरणाऱ्या मुली मी बघितल्यात. नातेवाइकांनी ‘शिकाऊ नको, दुसरी बोलवा’ म्हटलेलं लागतं म्हणून त्या तसं करतात. लागतंच ते, कळतं मला. पण पेशंटला त्याच्या हाताला सुई कोण टोचतंय हे कळण्याचा हक्क आहे. ‘मी शेवटच्या वर्षाला आहे, सिस्टर माझ्या बाजूलाच आहेत’ असं शांतपणे सांगितलं की दहातले आठ जण हात पुढे करतात. आणि चार्टवर सही करताना नुसतं ‘एस.एन.’ लिहू नका. स्टुडंट नर्सही तेच लिहिते आणि स्टाफ नर्सही तेच. पूर्ण लिहा, वर्ष लिहा, आणि स्टाफची प्रतिसही घेतल्याशिवाय ड्यूटी सोडू नका.

हे सगळं झालं तुझ्या हातातलं. आता ज्यावर खरं बोलायला हवं ते. परीक्षा संपल्यापासून नोंदणी येईपर्यंत जे महिने जातात, त्यांत तुला कोणीतरी नक्की फोन करणार: ‘अमुक नर्सिंग होमला सिस्टर पाहिजे, उद्यापासून ये.’ घोडबंदर रोडला, कळव्याला, कोपरखैरण्याला, गल्लोगल्ली पंधरा-वीस खाटांची नर्सिंग होम आहेत. त्यांना नोंदणी झालेली सिस्टर परवडत नाही, किंवा टिकत नाही. तू आलीस की पहिल्या दिवशी ‘स्टाफ नर्स’चा बॅज हातात देतील आणि तिसऱ्या रात्री अख्खा मजला तुझ्या एकटीच्या जिवावर सोडतील. तो बॅज तुझ्या भावाच्या स्टिकरपेक्षा कितीतरी वाईट आहे. स्टिकर बघून फार तर कोणी सिग्नलला वाट देईल. बॅज बघून पेशंट तुझ्या हातून औषध घेतो.

माझ्या एका विद्यार्थिनीला असंच एका नर्सिंग होमनं घेतलं. नाव सांगण्यात अर्थ नाही, तसली बरीच आहेत. तिचा निकाल लागला होता, नोंदणीचा अर्ज केलेला होता. रात्री एका पेशंटला सलाइनमधून पोटॅशियम क्लोराइड द्यायचं होतं, चुकून जास्त किंवा भरभर गेलं तर जिवावर बेतणारं औषध. फोनवरून तोंडी सांगितलेलं, लेखी काही नाही. मुलगी हुशार, तिनं घाईनं दिलं नाही, लेखी ऑर्डर मागितली. दुसऱ्या दिवशी तिला ‘फार शहाणी आहेस’ म्हणून काढून टाकलं, पगारही अडकवला. वर तिच्या लक्षात आलं की ती सोडून त्या मजल्यावर सिस्टर म्हणून वावरणाऱ्या दोघी दहावी शिकलेल्या होत्या. पांढरा ड्रेस दोघींना, बॅज दोघींना. सलाइन लावायला कुठे शिकलात, तर म्हणे ‘बघून बघून’.

आपला राग विद्यार्थिनीच्या बायोवर निघतो, कारण ती समोर सापडते. मुलींना पांढरे ड्रेस शिवून देणारा मालक सापडत नाही. खरं तर १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा सांगतो की परिचर्येचं काम करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नर्सिंग होमला नोंदणीच नाकारता येते. महापालिकेकडे कागदावर ज्या सिस्टरांची नावं जातात आणि मजल्यावर जी माणसं असतात, ती एकच आहेत का हे तपासायला रात्री अकरा वाजता कोण जातंय? घरी आजारी माणसासाठी ब्युरोतून येणाऱ्या ‘सिस्टर’चंही तेच. त्यातल्या अनेक बायका मनापासून सेवा करतात, आई-वडिलांचं आपण करणार नाही एवढं करतात. त्यांना मान द्यावा, पण इन्सुलिनचा डोस ठरवायला सांगू नये. वॉर्डातल्या मावशी आणि आया यांनाही वेगळ्या रंगाचा कपडा असावा हा माझा जुना हट्ट आहे. त्यात कमीपणा कसला, पेशंटला कोणाकडे काय मागायचं ते समजतं.

तर तुला काम हवंच असेल, आणि घरच्या परिस्थितीमुळे अनेकींना हवं असतं, तर असं कर. बॅजवर ‘ट्रेनी’ लिहून माग. नेमणुकीचं पत्र घे, त्यात ‘नोंदणी प्रलंबित’ असा उल्लेख हवा. पाळीला नोंदणी झालेली सिस्टर कोण आहे ते नावानिशी विचार, आणि तीच नसेल तर ती पाळी घेऊ नकोस. मॉर्फिन, फेंटानिलसारख्या औषधांच्या रजिस्टरवर सही करू नकोस, रक्त चढवायची जबाबदारी एकटीनं घेऊ नकोस, तोंडी ऑर्डरवर हाय-रिस्क औषध देऊ नकोस. यातलं काही मागितल्यावर ते तोंड वाकडं करणार असतील तर तो पगार सोडून दे. वाशीला किंवा कळव्याला महापालिकेच्या रुग्णालयांत, नेरुळ-कामोठ्याच्या कॉलेजच्या रुग्णालयांत पुढे जागा निघतच राहतात, आणि तिथे पहिल्याच पानावर नोंदणी क्रमांक मागतात.

त्यामुळे आत्ता स्टिकर-पाटीपेक्षा कागदांकडे बघ. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा निकाल लागला की गुणपत्रिका आणि उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र कॉलेजकडून लगेच मिळव; कॉलेजं फीची थकबाकी काढून ते अडवतात, म्हणून ऑफिसात आजच चौकशी कर. परिषदेचा अर्ज ऑनलाइन होतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि विद्यापीठाच्या कागदावरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे का ते आताच जुळवून बघ. वडिलांच्या नावातल्या एका ‘राव’पायी अर्ज परत आलेले मी पाहिलेत. लग्न ठरलं असेल तर नोंदणी माहेरच्या नावानं होऊ दे, नाव बदलायचं ते नंतर सावकाश. राष्ट्रीय नोंदवहीतला एन.यू.आय.डी. हा ओळख क्रमांकही करून घे. आणि हे एकदा झालं की कायमचं झालं असं समजू नकोस. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी सी.एन.ई.चे, म्हणजे नोकरीत असताना करायच्या पुढच्या शिक्षणाचे, तास भरावे लागतात. नूतनीकरण चुकलेल्या वीस-वीस वर्षं जुन्या सिस्टरही गळ्यात ‘आर.एन.’ घालून फिरत असतात, त्यांना कोणी विचारत नाही म्हणून.

तुझ्या ओळखीत बेंगळुरूला किंवा केरळात शिकून आलेल्या मुली असतील तर त्यांनाही कळव. तिथल्या परिषदेची नोंदणी असली तरी इथे काम करायला महाराष्ट्राची नोंद लागते. मूळ राज्याच्या परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र मागवायचं आणि मग इथे अर्ज करायचा. ते पत्र यायला वेळ लागतो, म्हणून नोकरी बघायला लागण्याच्या आधीच मागवून ठेवलेलं बरं.